बल्ब जोडताच जनित्राचे हँडल जड का होते?

विज्ञानशिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सध्या दहावीच्या वर्गात विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा भाग चालू आहे आणि त्यातून निघालेला एक प्रश्न येथे मांडत आहे. आमच्या प्रयोगशाळेत हाताने फिरवायचे एक छोटे जनित्र आहे. लाकडी पाटावर बसवलेला नालाकृती चुंबक, त्याच्या दोन ध्रुवांच्या मध्ये फिरणारे तांब्याच्या तारेचे कुंडल, एका बाजूला दातेरी चाके व हँडल आणि दुसऱ्या बाजूला मधोमध कापलेल्या कड्यावर टेकलेले दोन कार्बनचे ब्रश, अशी त्याची रचना आहे. ब्रशांपासून निघालेल्या तारांना ६ व्होल्टचा, ३ वॅटचा बल्ब जोडला की हँडल फिरवताना तो उजळतो.

परवा एका विद्यार्थिनीला मी डोळे मिटून हँडल फिरवायला सांगितले आणि दुसऱ्या मुलाला बल्बची एक तार मनाला येईल तेव्हा काढायला व लावायला सांगितले. तार जोडली की ती "आता" म्हणे, तार निघाली की "सुटली" म्हणे. दहा-बारा वेळांत तिचे एकदाही चुकले नाही. तार जोडल्यावर हँडल जड होते हे तिच्या मनगटाला स्पष्ट कळत होते. नंतर तिने विचारले, "बाई, चुंबक तोच आहे, कुंडल तेच आहे, त्यांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. मग बल्ब लागला हे हँडलला कसे कळते?"

मी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सांगितला. बल्बमधून प्रकाश आणि उष्णता बाहेर पडते, ती ऊर्जा कोठून तरी यायला हवी, म्हणून हाताला अधिक कार्य करावे लागते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "नियम पाळला जातो हे समजले. पण तो पाळायला लावते कोण?" यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. तिचा पुढचा प्रश्न असा होता की, आपण भिंतीवरचे बटण दाबतो तेव्हा दूरच्या वीज केंद्रातले यंत्रही असेच जड होते का. दहावीच्या मुलांना पटेल अशा रीतीने या दोन्ही गोष्टी कशा मांडाव्यात, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भौतिकवाट

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणजे जमाखर्चाची वही आहे. जमा आणि खर्च जुळले एवढे ती वही सांगते. ती देवघेव कोणत्या बलाने झाली हे तिच्यात लिहिलेले नसते. ते बल वेगळे दाखवावे लागते आणि सुदैवाने त्यासाठी लागणारे सगळे ज्ञान दहावीच्या पुस्तकात आहे, फक्त ते दोन वेगळ्या ठिकाणी विभागलेले आहे.

विद्युतधारा वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्यावर बल लागते, हे आपण मोटर शिकवताना सांगतो. तार चुंबकीय क्षेत्रात हलवली की तिच्यात विद्युतधारा निर्माण होते, हे जनित्र शिकवताना सांगतो. मुलांच्या मनात ही दोन स्वतंत्र यंत्रे होऊन बसतात. प्रत्यक्षात जनित्राच्या कुंडलात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच तारेत घडत असतात. हात कुंडल फिरवतो म्हणून धारा निर्माण होते, आणि धारा निर्माण झाली की तीच तार आता "चुंबकीय क्षेत्रातील धारा वाहणारी तार" ठरते, म्हणून तिच्यावर मोटरसारखे बल लागते. या बलाची दिशा नेहमी गतीच्या विरुद्ध असते. हाच लेन्झचा नियम, जो १८३४ मध्ये, म्हणजे फॅरडे यांनी प्रवर्तनाचा शोध लावल्यानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनीच्या मनगटाला जाणवते ते हेच बल आहे.

फिरणाऱ्या कुंडलाऐवजी सरळ सरकणारी दांडी घेतली तर हिशेब फळ्यावर मांडता येतो आणि मुलांना तो आवडतो, असा माझा अनुभव आहे. समजा, दोन समांतर रुळांवर २० सेंटिमीटर लांबीची तांब्याची दांडी आडवी ठेवली आहे, रुळांना काटकोनात ०.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र आहे आणि आपण ती दांडी सेकंदाला ४ मीटर वेगाने ओढत आहोत. दांडीच्या टोकांमधील व्होल्टेज म्हणजे क्षेत्र, लांबी आणि वेग यांचा गुणाकार, तो ०.४ व्होल्ट येतो. रुळांची दुसरी टोके एका रोधाने जोडली असून संपूर्ण परिपथाचा रोध ०.२ ओहम असेल, तर धारा २ अँपिअर होईल. आता या धारेमुळे दांडीवर लागणारे बल काढू. क्षेत्र, धारा आणि लांबी यांचा गुणाकार केला की ते ०.२ न्यूटन येते. दांडीचा वेग कायम ठेवायचा तर आपल्याला तेवढ्याच बलाने पुढे ओढावे लागेल, म्हणजे आपण दर सेकंदाला ०.२ गुणिले ४, अर्थात ०.८ ज्यूल कार्य करू. रोधात दर सेकंदाला किती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते? ०.४ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे ०.८ ज्यूल. दोन्ही आकडे तंतोतंत एक आले, आणि ऊर्जेचा नियम आपण मध्ये कुठेही वापरला नव्हता. कोणतेही आकडे घेतले तरी हेच होईल, कारण दोन्हीकडे क्षेत्र, लांबी, वेग आणि धारा या चार राशींचाच गुणाकार आहे.

तार काढली की काय होते, हेही यावरूनच सांगता येते. कुंडल फिरत आहे तोवर त्याच्या टोकांमध्ये व्होल्टेज असतेच. परंतु परिपथ तुटलेला असल्याने धारा वाहत नाही, आणि धारा नाही म्हणून विरोध करणारे बलही नाही. उरते ते केवळ आसाचे आणि ब्रशांचे घर्षण.

आणखी एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी. पुष्कळ मुलांना असे वाटते की बल्बला लागणारी ऊर्जा चुंबक देतो, आणि जनित्र पुरेसा काळ चालवले तर चुंबक "संपेल". चुंबकीय बल हे गतिमान प्रभाराच्या वेगाला नेहमी काटकोनात असते, त्यामुळे ते स्वतः कोणतेही कार्य करत नाही. हाताने केलेले कार्य तारेतील प्रभारांपर्यंत पोहोचवण्याचे मध्यस्थीचे काम तेवढे ते करते. ऊर्जा हाताकडून येते आणि हाताकडे ती अन्नातून आलेली असते.

हा जमाखर्च प्रत्यक्ष मोजून दाखवणारा प्रयोग जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४३ मध्ये केला होता. त्यांनी पाण्याने भरलेल्या नळीत तारेचे कुंडल बसवून ते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवले, निर्माण झालेल्या धारेमुळे ते पाणी किती तापले हे मोजले आणि यंत्र फिरवण्यासाठी लागलेले कार्य खाली उतरणाऱ्या वजनांवरून काढले. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ८३८ फूट-पौंड कार्य लागते, असा आकडा त्यांना त्या वेळी मिळाला. पुढे पाणी घुसळण्याच्या प्रयोगांतून तो ७७२ वर आला आणि आज आपण ७७८ मानतो. ऊर्जेच्या एककाला ज्यांचे नाव दिले गेले, त्यांच्या सुरुवातीच्या मोजणीत तुमच्या प्रयोगशाळेतल्यासारखेच एक लहान जनित्र होते, हे मुलांना जरूर सांगा.

अभ्यासू

वरील विवेचन फार उपयोगी आहे, पण माझी एक शंका आहे. रोध म्हणजे धारेला होणारा विरोध. मग जास्त रोधाचा बल्ब जोडला तर त्यातून धारा ढकलायला जास्त जोर लागायला हवा आणि हँडल अधिक जड व्हायला हवे. वरच्या हिशेबात मात्र धारा जितकी जास्त तितके बल जास्त, असे दिसते. मी स्वतः अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तरीही याबाबत माझा गोंधळ होतो.

भौतिकवाट

ही शंका बऱ्याच जणांना पडते आणि तिचे मूळ "रोध" या शब्दाच्या अर्थात आहे. तारेचा रोध हाताला होत नाही, धारेला होतो. मघाचीच दांडी घ्या. तोच वेग ठेवून परिपथाचा रोध ०.२ ऐवजी ०.४ ओहम केला, तर व्होल्टेज ०.४ व्होल्टच राहील, धारा १ अँपिअर होईल आणि बल निम्मे, म्हणजे ०.१ न्यूटन होईल. रोध ०.१ ओहमपर्यंत उतरवला, तर धारा ४ अँपिअर आणि बल ०.४ न्यूटन. रोध अनंत होणे म्हणजे तार तुटणे, आणि तेव्हा हँडल सर्वांत हलके असते हे विद्यार्थिनीने डोळे मिटून सिद्ध केलेच आहे. दुसऱ्या टोकाला, दोन तारा थेट एकमेकींना टेकवल्या की हँडल सर्वांत जड होते, आणि त्या वेळी सगळी ऊर्जा कुंडलाच्या तारेतच उष्णता होऊन राहते. त्यामुळे हा प्रयोग दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ करू नये.

वीज क्षेत्रातील मंडळी "भार वाढला" म्हणतात तेव्हा ओहममध्ये मोजलेला एकूण रोध कमी झालेला असतो, कारण घरातील प्रत्येक नवे उपकरण समांतर जोडणीत येते. तुमच्या गोंधळाचे अर्धे कारण या "भार" शब्दात आहे असे मला वाटते.

ताई, शक्य असल्यास एकच बल्ब, दोन बल्ब समांतर आणि दोन बल्ब एकसर, अशा तीन जोडण्या करून मुलांना हँडल फिरवायला द्या. आधी त्यांच्याकडून अंदाज वहीत लिहून घ्या आणि मगच प्रयोग करा. जोराचा अंदाज हवा असेल तर हिशेब सोपा आहे. सेकंदाला दोन फेरे या वेगाने १० सेंटिमीटरच्या हँडलने ३ वॅट पुरवायचे, तर मुठीवर सुमारे २.४ न्यूटन बल लावावे लागते. म्हणजे पाव किलोचे वजन उचलल्याइतके. घर्षणात आणि कुंडलाच्या स्वतःच्या रोधात निम्मी ऊर्जा जात असेल, तर अर्ध्या किलोइतके. हाताला फरक सहज कळावा, एवढे हे बल मोठे आहे.

निवृत्त अभियंता

मी औष्णिक विद्युत केंद्रात अनेक वर्षे पाळीत काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. होय, वीज केंद्रातले यंत्रही तसेच जड होते. तुमच्या विद्यार्थिनीचा तर्क अगदी बरोबर आहे.

आधी आकाराची कल्पना येऊ द्या. ५० हर्ट्झच्या वीज जाळ्यावर (केंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या वाहिन्यांवर) चालणारे दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते. असे जनित्र ५०० मेगावॉट देत असेल, तर त्याच्या आसावर विद्युत चुंबकीय बलामुळे येणारा उलटा पीळ (फिरवणाऱ्या बलाचा परिणाम, टॉर्क) सुमारे १६ लाख न्यूटन-मीटर असतो आणि टर्बाइनमधून जाणारी वाफ तेवढाच पीळ पुढच्या दिशेने देत असते. आता कोणी तरी १० वॅटचा दिवा लावला. त्याचा संपूर्ण बोजा या एकाच यंत्रावर आला असे धरले, तर पिळात वाढ होईल ०.०३२ न्यूटन-मीटरची, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सव्वातीन ग्रॅमचे वजन टांगल्याएवढी. प्रत्यक्षात जाळ्याला जोडलेली सगळी यंत्रे ही वाढ वाटून घेतात. फरक अतिशय सूक्ष्म आहे, पण तो शून्य नाही. आणि संध्याकाळी कोट्यवधी दिवे लागतात तेव्हा तो नियंत्रण कक्षात स्पष्ट दिसतो.

तो दिसतो वारंवारतेच्या आकड्यात, कारण यंत्राचा वेग घटला की वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली येते. आम्ही पाळीवर गेलो की प्रथम त्या आकड्याकडे पाहायचो. वीज जाळ्याच्या तारांमध्ये साठून राहत नाही. या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढी याच क्षणी कुठे तरी निर्माण होत असते. मागणी वाढली आणि वाफेचा पुरवठा तेवढाच राहिला, तर उलटा पीळ वाफेच्या पिळापेक्षा मोठा होतो आणि यंत्र मंदावू लागते. पहिल्या काही क्षणांत कमी पडलेली ऊर्जा फिरणाऱ्या लोखंडाच्या गतिज ऊर्जेतून दिली जाते. मोठ्या टर्बाइन-जनित्रात ही साठलेली गतिज ऊर्जा यंत्राच्या पूर्ण क्षमतेच्या वीजपुरवठ्याला साधारण तीन ते सहा सेकंद पुरेल एवढीच असते. तेवढ्या अवधीत गव्हर्नरला हालचाल करावी लागते. वेग कमी झाल्याचे ओळखून तो वाफेची झडप थोडी जास्त उघडतो, मग बॉयलरमधला दाब उतरू लागतो आणि त्यापाठोपाठ कोळसा व हवा वाढवावी लागते. जेम्स वॅट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक हेच काम करत असे. आता गोळ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आहेत, तत्त्व तेच आहे.

तार काढल्यावर हँडल "सुटते", याचा मोठा अवतारही असतो. काही बिघाडामुळे जनित्राचा ब्रेकर, म्हणजे त्याला जाळ्याशी जोडणारा मोठा स्विच, अचानक उघडला, की उलटा पीळ क्षणात नाहीसा होतो; पण वाफ तर पूर्ण जोराने ढकलतच असते. यंत्राचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणूनच वेग नेहमीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी वाढला की वाफेच्या झडपा आपोआप बंद करणारी यंत्रणा प्रत्येक टर्बाइनवर असते आणि तिची चाचणी आम्ही फार गांभीर्याने घेत असू. त्या चाचणीत यंत्राचा आवाज जसजसा चढतो, तसतसे अंगावर शहारे येतात.

ऊर्जेचे हस्तांतरण शिकवताना कोळसा, वाफ, टर्बाइन, जनित्र अशी साखळी काढली जाते आणि सगळ्या कड्या सारख्याच असल्यासारख्या दिसतात. तसे नाही. जनित्र आपल्याला मिळालेल्या यांत्रिक ऊर्जेपैकी ९८ टक्क्यांहून अधिक ऊर्जा विजेत बदलते. खरी घट वाफेच्या कडीत होते. टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली वाफ पुन्हा पाणी करावी लागते आणि त्या वेळी दर किलोला २० लाख ज्यूलहून अधिक उष्णता थंड पाण्याला देऊन टाकावी लागते. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. वाफ ५४० अंश सेल्सिअसला आणि तिचे पाणी करणारा कंडेन्सर ४० अंशांना असेल, तर आदर्श यंत्रालाही सुमारे ६१ टक्क्यांच्या पलीकडे जाता येत नाही. कोळशावर चालणारी बहुतेक प्रत्यक्ष केंद्रे ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास राहतात. जलविद्युत केंद्रात उष्णतेची कडीच नसल्यामुळे पाण्याच्या स्थितिज ऊर्जेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वीज होते. मात्र तेथे पाणी भरपूर लागते, कारण एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आले तरी त्यातून जेमतेम पाव युनिट वीज मिळते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, हे मुलांना पाठ असते. ते किती मोठे असते, हे या उदाहरणावरून त्यांना कळेल.

अभ्यासू

सर, मनापासून आभार. एक लहानशी भर घालतो. सौर पटलात फिरणारे काहीच नसते, म्हणून तेथे "जडपणा" कुठे दिसतो, याचा मी विचार करत होतो. पटलाला काहीही जोडलेले नसेल, तर शोषलेल्या प्रकाशाची सगळी ऊर्जा पटलातच उष्णता बनते. उपकरण जोडले की त्यातला काही भाग वीज होऊन बाहेर जातो आणि त्याच उन्हात पटल किंचित थंड राहते. म्हणजे वीज काढून घेतल्याची खूण येथे पटलाच्या तापमानात उमटते.

विज्ञानशिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दांडीचा हिशेब मी फळ्यावर करून दाखवला. दोन्हीकडे ०.८ आल्यावर ती विद्यार्थिनी उठून फळ्यापाशी आली आणि क्षेत्र ०.५ ऐवजी १ टेस्ला घेऊन सगळे गणित तिने स्वतः पुन्हा केले. दोन्हीकडे ३.२ वॅट आल्यावरच ती जागेवर जाऊन बसली.

तीन जोडण्यांचा प्रयोगही केला. छत्तीसपैकी एकोणतीस मुलांनी वहीत असे लिहिले होते की दोन बल्ब कसेही जोडले तरी हँडल जास्त जड होईल. समांतर जोडणीत तसेच झाले. एकसर जोडणीत मात्र हँडल एका बल्बपेक्षाही हलके झाले आणि दोन्ही बल्ब मंद तांबूस दिसू लागले. वर्गात काही क्षण कोणीच बोलले नाही, मग सगळेच एकदम बोलू लागले. एका मुलाने विचारले की एकसर जोडणीत रोध दुप्पट झाला असेल, तर हँडल बरोबर निम्मे जड का वाटत नाही. मंद जळणाऱ्या बल्बचा तंतू कमी तापलेला असल्याने त्याचा रोधही कमी असतो, असे मी सांगितले. हे बरोबर आहे ना?

आता शेवटची एक घटना. वरच्या वर्गाच्या साहित्यात १ फॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घटक, होता. जोडताना त्याच्या धन आणि ऋण टोकांची काळजी घेतली आणि व्होल्टेज त्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत राहील इतक्याच वेगाने हँडल फिरवायला सांगितले. सुरुवातीला हँडल फारच जड लागले, पण वेग तोच ठेवला असता काही सेकंदांत ते हलके हलके होत गेले. मग मी मुलाला मूठ सोडायला सांगितली. हँडल थांबले नाही. ते आपले आपणच फिरत राहिले. कपॅसिटरमधली वीज परत येऊन यंत्राची मोटर झाली, हे मुलांनीच ओळखले. परंतु साठलेली वीज परत येत असल्याने हँडल उलट्या दिशेने फिरेल, असे माझ्यासह बहुतेकांना वाटत होते. ते त्याच दिशेने फिरत राहिले. याचे कारण कसे सांगावे?

भौतिकवाट

तंतूच्या रोधाबद्दल तुम्ही सांगितले ते बरोबर आहे. थंड तंतूचा रोध पूर्ण तापलेल्या तंतूच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे मंद बल्बचा रोध त्या दोहोंच्या मध्ये कुठे तरी राहतो.

कपॅसिटरचे असे आहे. हाताने फिरवताना धारा कुंडलातून कपॅसिटरकडे जात होती आणि त्या धारेमुळे येणारे बल गतीला विरोध करत होते. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा असल्याने तो जवळजवळ टेकवलेल्या तारांसारखा वागला, म्हणून हँडल जड. जसे त्याचे व्होल्टेज कुंडलाच्या व्होल्टेजच्या जवळ आले तशी धारा घटली, म्हणून हँडल हलके. मूठ सोडल्यावर कुंडल जरासे मंदावले, त्याचे व्होल्टेज कपॅसिटरच्या व्होल्टेजपेक्षा खाली आले आणि धारेची दिशा उलटली. चुंबक तोच असल्याने धारा उलटली की बल उलटते. आधी ते गतीला विरोध करत होते, आता ते गतीच्या दिशेने ढकलू लागले. उलटली ती धारा आणि तिच्यामुळे येणारे बल. फिरण्याची दिशा उलटण्याचे कारणच नव्हते.

निवृत्त अभियंता

अगदी हेच वीज केंद्रातही घडते. जनित्र जाळ्याला जोडलेले असताना टर्बाइनची वाफ पूर्ण बंद झाली, तर यंत्र थांबत नाही आणि उलटेही फिरत नाही. ते त्याच दिशेने, त्याच ३,००० फेऱ्यांनी फिरत राहते. फक्त आता जाळ्याला वीज देण्याऐवजी ते जाळ्याकडून वीज घेऊ लागते. नियंत्रण कक्षात मेगावॉटचा काटा शून्याच्या खाली गेलेला दिसतो, यंत्राच्या आवाजात मात्र फारसा फरक पडत नाही. आम्ही याला "मोटरिंग" म्हणत असू. जनित्राला त्याचा विशेष त्रास नसतो. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातील लांब पात्यांना असतो, कारण त्यांची उष्णता वाहून नेणारी वाफ आता नसते आणि अडकलेल्या वाफेला घुसळून ती पाती तापू लागतात. म्हणून शक्ती उलट दिशेने वाहू लागली हे ओळखून थोड्याच वेळात ब्रेकर उघडणारा रिले बसवलेला असतो. तुमच्या प्रयोगात कपॅसिटर रिकामा झाला की हँडल आपोआप थांबते. जाळे मात्र रिकामे होत नाही, म्हणून तेथे तार काढण्याचे काम त्या रिलेला करावे लागते.